सांत्वनाची भाषा आणि कैवाराची भाषा



आज आम्हाला विषय दिला आहे तो असा : दुःखाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारा दिलासा. विषय ऐकून कुणाला वाटेल की आता प्रवचन होणार. तसे नाही. आम्ही साहित्याचे वाचक म्हणून इथे उभे आहोत. मराठी ख्रिस्ती माणसांनी दुःखाबद्दल जे लिहिले, त्यातले कोणते लेखन खरोखर धीर देते आणि कोणते नुसते धीराचे शब्द उच्चारते, एवढाच फरक आज तपासायचा आहे. श्रोत्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ दिसतात. त्यांनाही हे परके वाटू नये, कारण मयताच्या घरी जाऊन काय बोलावे हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

आणि तो प्रश्न साधा नाही. तरुण मुलगा गेला, घरात माणसे जमली, आणि कुणी तरी आईला म्हणते, ‘देवाची योजना असते.’ दुसरा म्हणतो, ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.’ तिसरा म्हणतो, ‘तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे.’ बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणाऱ्या आईला त्यातून एवढेच कळते की आता रडायचीही सोय राहिली नाही. श्रद्धेपासून दूर गेलेल्या माणसांशी बोलून पाहा. देवाविरुद्ध तक्रार घेऊन गेलेले थोडे, अशी वाक्ये ऐकून गेलेले जास्त, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणून भाषेचा हा मुद्दा वरवरचा समजू नका.

आता गंमत अशी की सांत्वनाच्या या भाषेवरची सगळ्यात कडक टीका बायबलातच आहे. ईयोबाचे पुस्तक घ्या. बेचाळीस अध्याय. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : नीतिमान माणूस, त्याची गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर फोड आले. मग तीन मित्र भेटायला येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर. सुरुवातीला ते काय करतात? त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. सात दिवस, सात रात्री. तोंडातून शब्द काढत नाहीत, कारण दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसते. आमच्या मते संपूर्ण पुस्तकात त्यांनी केलेली ही एकच चांगली गोष्ट.

पुढे ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. तिघांचे म्हणणे फिरून फिरून एकच : देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्यावर हे आले त्याला काही तरी कारण असणार, तू कबूल कर, म्हणजे बरे होईल. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो, जाब मागतो, जन्माच्या दिवसालाच शाप देतो. आपल्या आणि देवाच्या मध्ये उभा राहील असा कुणी मध्यस्थ का नाही, असे विचारतो. वाचणाऱ्याला वाटते, शेवटी देव ईयोबाला झापणार आणि मित्रांना शाबासकी देणार. देव वावटळीतून बोलतो तेव्हा ईयोबालाही चार प्रश्न विचारतोच. पण शेवटच्या अध्यायात निकाल येतो तो उलटा. देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. देवाची बाजू घेणाऱ्यांना देवानेच खोटे ठरवले! दुःखी माणसासमोर देवाची वकिली करू नये, हा धडा इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच सापडतो.

स्तोत्रसंहितेतही हेच. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यातले अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, शेवटी आशेची ओळ म्हणून येत नाही. ज्यांनी हा ग्रंथ पवित्र म्हणून जपला, त्यांनी ते स्तोत्र काढून टाकले नाही. आपल्या सभांत मात्र ते किती वेळा वाचले जाते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आता एका मराठी शब्दाकडे वळू. योहानाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो की मी गेल्यावर पिता तुम्हाला दुसरा एक देईल, तो तुमच्याबरोबर राहील. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जवळ बोलावलेला’, संकटात हाक मारून बाजूला उभा केलेला. इंग्रजीतल्या जुन्या प्रसिद्ध भाषांतराने तिथे ‘सांत्वन करणारा’ अशा अर्थाचा शब्द घातला. आपल्या प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात मात्र शब्द आहे ‘कैवारी’. आम्हाला हा शब्द फार आवडतो. कैवार घेणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गावात दुबळ्याचा कैवार घेणारा एखादा असतो. तो समजूत काढत बसत नाही, तो त्याच्या बाजूने उभा राहतो. सांत्वन करणारा समोर बसतो, कैवारी शेजारी उभा असतो. ईयोबाच्या मित्रांना सांत्वन करायचे होते. ईयोबाला कैवारी हवा होता. आमचे आजचे सगळे म्हणणे या एका फरकात आहे.

हा फरक हातात घेऊन मराठी ख्रिस्ती लेखनाकडे पाहू. त्यात एक प्रकार फार रूढ आहे : ‘साक्ष’. सभेत माणूस उभा राहतो आणि आपल्यावर काय गुदरले ते सांगतो. पुस्तिकांतून छापूनही येते. साक्षीचा साचा ठरलेला आहे. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका. आजार होता, हात ठेवला, बरा झालो. कर्ज होते, फिटले. सांगणारे खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. पण समीक्षक म्हणून एक गोष्ट दिसते ती सांगितली पाहिजे. ज्याची सुटका झाली त्यालाच मंचावर बोलावतात. जी बाई पाच वर्षे प्रार्थना करते आणि जिचा नवरा तरीही अंथरुणावरच आहे, तिला माईक कुणी देत नाही. हळूहळू तिला वाटू लागते की आपल्याच विश्वासात खोट आहे. म्हणजे अलीफज, बिल्दद आणि सोफर यांचेच म्हणणे, फक्त आता गाण्याबजावण्यासकट!

याच साच्यात बसणारे, पण तो आतून मोडणारे लेखन पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांनी 1907 साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, आणि त्याआधी 1897 च्या दुष्काळात आपल्या लहानपणच्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे कुटुंब. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि 1882 च्या आरंभी नवरा पटकीने गेला. मांडीवर लहानगी मनोरमा. सगळे वयाच्या चोवीस वर्षांच्या आत.

आईच्या मरणाचा प्रसंग त्यांनी सांगितला आहे तो वाचावा. आई भुकेने खंगलेली, बाजरीची भाकरी मिळाली तर खाईन म्हणते. मुलगी शेजारणीकडे मागायला जाते, पण भीक मागण्याची सवय नाही, शब्द फुटत नाही, डोळ्यांतून पाणी वाहते. शेजारीण समजते, भाकरी देते. ती आईपुढे येते तोवर आईला खाण्याचे त्राण राहिलेले नसते. पुढे तिरडी उचलायला माणसे मिळत नाहीत. शेवटी खांदा द्यायला तीनच पुरुष, चौथी रमाबाई. उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली आणि स्मशान लांब होते तिथवर नेली.

आता समीक्षेचा मुद्दा. ही बाई हे लिहीत होती तेव्हा बाप्तिस्मा होऊन चौदा वर्षे झाली होती. विश्वास पक्का होता. ‘देवाने हे सगळे चांगल्यासाठीच केले’ असे लिहून भाकरीचा प्रसंग गोड करणे सोपे होते. त्या तसे करत नाहीत. भाकरी उशिरा आली ती उशिराच राहते. त्या मरणाचे स्पष्टीकरण त्यांनी दिले नाही. मग त्यांनी केले काय? मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली आणि विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. स्वतःच्या भुकेची आठवण त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या भुकेचा कैवार झाली. पौल करिंथकरांना लिहितो की देव आपले सांत्वन करतो ते अशासाठी की आपण दुसऱ्या दुःखितांच्या उपयोगी पडावे. रमाबाईंच्या आयुष्यात हे वाक्य प्रवचनातून बाहेर येऊन कामाला लागलेले दिसते.

त्या ख्रिस्ताकडे वळल्या त्याची हकिकतही याच रांगेत बसते. 1883 साली इंग्लंडात त्यांनी पाहिले की समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची काही धर्मभगिनी मायेने सेवा करतात. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली, योहानाचा चौथा अध्याय. तर्काने कुणी त्यांना जिंकले नाही. टाकलेल्या बाईचा कुणी तरी कैवार घेतो, एवढे त्यांनी पाहिले. आणि तरीही त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. पुढे स्वतःच लिहिले की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. दिलासा एका दिवसात मिळाला असे त्या भासवत नाहीत.

आता लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठीतल्या थोर आत्मचरित्रांत तिचे नाव घेतले जाते, ते तिच्या विनोदासाठी आणि निर्मळपणासाठी. पण दुःखाचे पुस्तक म्हणून ती फारशी वाचली जात नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको माहेरच्या माणसांत, पदरात लहान दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण बाईसाठी हे नवरा जिवंत असून नसल्यासारखे होते. काही वर्षे वेगळी राहणी, मग एकत्र आल्यावरही सोवळे वेगळे, पाणी वेगळे. शेवटी 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. आता त्या स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती, नवऱ्यावर अपार माया. असा लेखक मागचे दुःख सहज पुसून टाकतो : ‘तेव्हा मी अजाण होते, उगाच रडले.’ लक्ष्मीबाई असे करत नाहीत. त्या दिवसांतली लक्ष्मी जशी तुटली होती तशी तुटलेली दाखवतात. टिळकांचा तापटपणा आणि विसराळूपणाही सांगतात, आणि वर हसवतातही. आमच्या मते हा विनोद श्रद्धेचाच एक भाग आहे. ज्याला देवासमोर नीटनेटके दिसायची गरज वाटत नाही, तोच असा हसू शकतो. आणि टिळक 1919 साली गेल्यावर या बाईने काय केले? त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. जिने अक्षरओळख कशीबशी केली, तिने त्याचा बहुतेक सगळा भाग लिहून काढला. शोक आवरा असे त्यांना सांगणारे पुष्कळ असतील. पण शोक आवरण्याऐवजी त्यांनी तो कामाला लावला.

टिळकांच्या अभंगांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते म्हणत, हे प्रसिद्धच आहे. त्या पुलावरून त्यांनी काय आणले? आमचे उत्तर असे की देवाशी सलगी आणली. वारकरी परंपरेत भक्त विठ्ठलावर रुसतो, त्याला बोल लावतो. जनाबाईने त्याला शिव्या घातल्या. तुकोबांची बायको आणि मुलगा दुष्काळात गेले आणि त्यांनी देवाला सुनावले. मराठी माणसाला ईयोब समजायला जड जाऊ नये, कारण देवाशी भांडण इथे पोटजात भक्तीत मोडते. मिशनऱ्यांच्या काळात इंग्रजी चालीवर रचलेल्या भाषांतरित गीतांना हे जमणे अवघड होते. अभंगाने ते जमवले. आजच्या नव्या गाण्यांत ती सलगी पुन्हा पातळ होत चालली आहे असे आम्हाला वाटते. सगळी गाणी विजयाची. हरलेल्याने कोणते गाणे म्हणायचे?

आता ‘बरे होणे’ याविषयी. हा शब्द टाळून चालणार नाही, कारण येशूने आजारी माणसांना बरे केले असे शुभवर्तमाने सांगतात आणि आजारी माणूस ती आशेने वाचतो. त्या आशेची टवाळी आम्ही करणार नाही. पण त्याच नव्या करारात पौल आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. मिळाली ती कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर आले. रमाबाईंना ऐकू कमी येत असे. त्यापायी डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. 1905 साली केडगावात मोठी प्रार्थनेची जागृती झाली, दूरदूरचे लोक पाहायला आले. रमाबाईंचा बहिरेपणा राहिला. त्याच कानांनी त्यांनी पुढची वर्षे काढली, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. जुलै 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या, काम हातात असताना. विश्वास कमी पडला म्हणून त्या बऱ्या झाल्या नाहीत, असे म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि ती नसेल, तर गल्लीतल्या आजारी बाईला तसे म्हणायची हिंमत आपल्याला कुठून येते?

शिवाय बरे करण्याचा दुसरा रस्ता याच श्रद्धेने महाराष्ट्राला दाखवला. डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत 1890 च्या दशकात इस्पितळ उभारले. तिथे प्रार्थनाही होती आणि शस्त्रक्रियाही. एकाने दुसऱ्याला हाकलले नाही. औषध बंद करा, फक्त प्रार्थना करा, असे सांगणाऱ्याने मिरजेला जाऊन यावे.

एक आक्षेप इथे कुणीतरी घेईलच, आणि तो घ्यावा. दुःखी माणूस दुबळा असतो, त्याला दिलासा देऊन धर्मात ओढणे हा व्यापार नव्हे काय? 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनावर हाच आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आम्ही या आक्षेपाला खोटा म्हणत नाही. जिथे भाकरीबरोबर अट येते तिथे भाकरी बाटते, मग अट कोणत्याही धर्माची असो. उलट आमचीच कसोटी इथे लागू होते. कैवारी मोबदला मागत नाही. मोबदला मागितला की तो कैवारी उरत नाही, दलाल होतो. सभेत बरे होण्याचे आश्वासन देऊन थैली फिरवणाऱ्यालाही हेच लागू.

शेवटी, वाचकाला हाती धरता येतील अशा तीन कसोट्या सांगतो. दुःखावरचे ख्रिस्ती पुस्तक, गीत वा साक्ष समोर आली की विचारावे. एक : यात रडायला जागा आहे का, की पहिल्याच पानावर डोळे पुसायला सांगितले आहे? दोन : ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही असा माणूस हे वाचून आत येऊ शकेल का, की दारातच उभा राहील? तीन : लेखक कुणाच्या बाजूने उभा आहे, देवाची वकिली करतो की दुःखिताचा कैवार घेतो? ‘स्मृतिचित्रे’ या तिन्ही कसोट्यांवर उतरते. रमाबाईंच्या दुष्काळाच्या आठवणी उतरतात. आपल्या कपाटातली कितीतरी चकचकीत पुस्तके उतरणार नाहीत.

लाजराच्या मरणानंतर येशू बेथानीला पोचतो तेव्हा मार्था त्याला पहिले वाक्य ऐकवते ते तक्रारीचे : तू असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला गप्प करत नाही. पुढे कबरीकडे जाताना तो स्वतः रडतो. लाजराला उठवायचे हे त्याला माहीत होते, तरीही रडतो. उत्तर खिशात असतानाही ज्याने आधी रडून घेतले, त्याचे नाव सांगणाऱ्यांनी उत्तराची एवढी घाई का करावी?

यापुढे मयताच्या घरी जाल तेव्हा वाक्य तयार करून नेऊ नका. बसा. स्वयंपाक कुणी केला आहे का ते बघा, नसेल तर डबा न्या. तेराव्या दिवसानंतर, चाळिसाव्या दिवसानंतर, सगळे पांगतात तेव्हा पुन्हा जा. आई तेच तेच सांगेल, ते पुन्हा ऐका. देवाविषयी ती काही वावगे बोलली तर देवाला सांभाळू नका, तो समर्थ आहे. तिला सांभाळा.